वेलीला झोपू द्या

युरोपातल्या मराठी घरांत बोगनवेल दगावते ती थंडीनं नाही, लाडानं. ऑक्टोबरच्या अखेरीस पारा पहिल्यांदा चार-पाचवर येतो आणि बाल्कनीतली कुंडी उचलून दिवाणखान्यात आणली जाते. तिथे बावीस अंश, शेजारी तापलेला रेडिएटर. आपण स्वेटर काढून बसलोय म्हणजे वेलीलाही बरं वाटत असणार, असा हिशेब. वर दर दोन दिवसांनी तांब्याभर पाणी. डिसेंबरात वेल फुटते, घरात आनंद होतो, भारतात फोटो जातात. ती फूट हातात धरून पाहावी. लांबच लांब, पिवळट, दोऱ्यासारखी. दोन पानांत वीतभर अंतर. पुढच्या पंधरवड्यात पानांमागे मावा दिसतो, पेरांत पिठ्या ढेकूण बसतात, कोरड्या हवेत लाल कोळ्याची जाळी धरते. फेब्रुवारीत पानं गळतात, मार्चमध्ये कुंडी उपडी केली की मुळं कुजलेली निघतात. मग निकाल लागतो, "आपल्याकडची झाडं इथल्या थंडीत जगत नाहीत."

थंडी त्या झाडापर्यंत पोचलेलीच नसते.

मी मूळची तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आता भाऊ बघतो. मी राहते जर्मनीत एसलिंगेनला, श्टुटगार्टच्या शेजारी, नेकार नदीच्या काठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या उतारावरचे दगडी ताली घातलेले द्राक्षमळे दिसतात. तिकडे थॉम्पसन आणि तास-ए-गणेश, इकडे ट्रोलिंगर आणि रीसलिंग, पण वनस्पती एकच. म्हणून मला एक गोष्ट फुकटात बघायला मिळाली, जी बागकामाच्या पुस्तकांत इतकी स्पष्ट लिहिलेली नसते.

जानेवारीत निफाडला पारा पाचाच्या आसपास घसरला की बागायतदारांची झोप उडते. रात्री बांधावर शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सोडलं जातं, मणी तडकतील म्हणून जीव टांगणीला लागतो. त्याच जानेवारीत माझ्या खिडकीसमोर उणे दहा असतं आणि मळ्यात कुणी फिरकतही नाही. तिथली वेल दणकट आणि आपली नाजूक असं काही नाही. निफाडची वेल त्या वेळी जागी असते. पानं हिरवी, घडांत पाणी भरतंय, साखर चढतेय. नेकारची वेल झोपलेली असते. पानं गळून गेलेली, काडी पक्व झालेली, पेशींतलं पाणी कमी झालेलं. बर्फ धरायला तिथे फारसं काही उरलेलंच नाही.

आणि उणे बारा सहज सोसणारी हीच वेल एप्रिलमध्ये उणे तीनला मार खाते. २०१७ च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या द्राक्षमळ्यांची अशीच दैना झाली. मार्च उबदार गेला, डोळे लवकर फुटले, दोन-तीन कोवळी पानं उलगडली आणि एका निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळं काळं पडलं. अशा रात्री इथले शेतकरीही ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवून ठेवतात. निफाडकराला ते दृश्य अजिबात परकं वाटणार नाही.

तेव्हा पारा किती उतरला हा अर्धाच प्रश्न झाला. वेल त्या वेळी जागी होती की झोपलेली, हा उरलेला अर्धा. परदेशात राहणारे आपण लोक पहिल्या अर्ध्यापायी घर तापवत बसतो आणि दुसऱ्याकडे बघत नाही.

गंमत अशी की हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. महाराष्ट्रात द्राक्षाला हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ब्रशनं पेस्ट लावत बसतो. डाळिंबाला, मोसंबीला पाणी तोडून ताण देतो, पानगळ होऊ देतो, मग बहार धरतो. मोगऱ्यालासुद्धा हिवाळ्यात पाणी तोडून नंतर छाटतात, तेव्हा उन्हाळ्यात कळी लागते. बोगनवेलीचं तर विचारूच नका. पावसाळ्यात नुसती हिरवी माजते आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्यात कंपाउंड झाकून टाकते. त्याच शेतकऱ्याचा मुलगा इंजिनीअर होऊन जर्मनीत आला की कुंडीतल्या वेलीला ताण द्यायला मात्र त्याचा हात धजत नाही. इथला हिवाळा म्हणजे आयता मिळालेला ताण आहे. आपण तो हीटर लावून मोडतो.

उबेपेक्षा मोठी अडचण उजेडाची. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो, श्टुटगार्टला जेमतेम सव्वाआठ तासांचा, आणि त्यातही बराच वेळ आभाळ भरलेलं. बावीस अंशांत वेलीचं श्वसन जोरात चालतं, पण तेवढं अन्न तयार करायला पानांना उजेड मिळत नाही. म्हणून ती साठवणीवर जगते आणि पिवळी, लांबुडकी फूट काढते. इथल्या माळ्यांचा साधा नियम आहे, जागा जेवढी अंधारी तेवढी ती गार हवी. दिव्यांची सोय करून उजेड देता येतो, काही जण देतातही. मला घराच्या कोपऱ्यात तो जांभळा प्रकाश सहन होत नाही, तो माझा प्रश्न.

मग वेल ठेवायची कुठे? जुन्या जर्मन इमारतींत जिना ही उत्तम जागा. खिडक्या मोठ्या, हीटर नाही, आठ-दहा अंश. पण जिना हा आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता, तिथे कुंड्या ठेवायला मनाई असते आणि ती योग्यच आहे. आमच्या इमारतीत तळघरात सायकलींची खोली आहे, तिला दक्षिणेकडे एक रुंद, बुटकी खिडकी. मालकाला विचारून ती अडीच हात जागा मिळवली.

तिथे पोचेपर्यंत मात्र स्वाबियन संस्कृतीशी गाठ पडते. या भागात केर्वोखे नावाची संस्था आहे. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी दर आठवड्याला एका घराकडे, पाळीची पाटी त्या घराच्या दाराला लटकवलेली. छोट्या पाळीत आपल्यापुरता जिना, मोठ्या पाळीत तळघर आणि फुटपाथही. नोव्हेंबरात बोगनवेल खाली नेताना वाटभर जांभळे कागद सांडतात, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंची पाळी असली की त्या दारात उभ्या राहून एकेका कागदाकडे बोट दाखवतात. मी गुपचूप सुपली घेऊन मागे फिरते. (ते कागद म्हणजे फुलं नव्हेत, रंगीत पानं; खरं फूल म्हणजे मधली पांढरी नळी. हे मी बाईंना एकदा सांगून पाहिलं. पाटी तशीच राहिली.)

खाली नेण्यापूर्वी एक तृतीयांश छाटते. कुंडी फरशीवर ठेवत नाही, लाकडी फळीवर ठेवते, कारण बोगनवेलीला गार हवेपेक्षा गार मुळांचा त्रास जास्त. इथे नर्सरीत मिळते ती बहुतेक ग्लाब्रा, पाच-दहा अंशांत निभावणारी. आपल्या कंपाउंडवर चढतात त्या स्पेक्टॅबिलिस आणि तिच्या संकरांना त्याहून थोडी ऊब लागते, हे विकत घेतानाच विचारून घ्यावं. पाणी अगदी घोटभर, तेही माती पार कोरडी पडल्यावर. तीन-चार आठवड्यांत पानं पिवळी पडून गळतात आणि उरतो काटक्यांचा सांगाडा. नेमकं इथेच लोक घाबरतात. किती जिवंत बोगनवेली या सांगाड्याला मेलेलं समजून कचऱ्यात गेल्या असतील! खोडाची साल नखानं जराशी खरवडावी. आत हिरवं दिसलं तर वेल जिवंत आहे आणि तिला एकटं सोडावं. तपकिरी, कोरडं लागलं तर आणखी खाली खरवडून बघावं. मार्चच्या मध्यावर काट्यांच्या बेचक्यांत टाचणीच्या टोकाएवढे गडद लाल डोळे दिसू लागतात. तेव्हा पाणी थोडं वाढवायचं. वर दिवाणखान्यात आणायचा मोह तेव्हा सगळ्यात जास्त होतो आणि तो आवरायचा.

सगळ्याच वेली अशा तळघरात निभावत नाहीत, आणि हट्ट कुठे सोडावा हेही ठरवायला हवं. मधुमालती कुंडीत लावून तिच्याकडून झुबक्यांची अपेक्षा ठेवणं मला व्यर्थ वाटतं. तिला पसरायला जागा लागते आणि तशी ऊब इथे वर्षातून दोन महिने. गणेशवेल आणि गोकर्ण मात्र बिनघोर. दोन्ही बियांपासून एका उन्हाळ्यात येतात, एप्रिलमध्ये घरातल्या खिडकीत पेरायच्या आणि ऑक्टोबरमध्ये निरोप द्यायचा. हिवाळ्याची भानगडच नाही.

मोगऱ्याची गोष्ट अवघड. त्याला दहाच्या खाली नेलं तर रुसतो आणि बाविसात ठेवला तर कीड धरतो. म्हणून तो झोपायच्या खोलीत, जिथे आम्ही हीटर लावत नाही तिथे, खिडकीला. जुलै-ऑगस्टमध्ये कळ्या येतात. वाटीभर पाण्यात तरंगत ठेवण्याइतक्या येतात, गजऱ्याइतक्या नाहीत. ज्यांना वासच हवा आहे त्यांना मी सांगते, काश्मीर-हिमालयाकडून आलेली पांढरी चमेली सरळ जमिनीत लावा. ती उणे आठ-दहापर्यंत टिकते, भिंतभर चढते, आणि जूनच्या संध्याकाळी वासात कुठेही कमी पडत नाही. "पण तो मोगरा नाही," असं उत्तर येतं. नाही तर नाही.

माझं मन मात्र कृष्णकमळावर. निळं कृष्णकमळ दक्षिण ब्राझील आणि अर्जेंटिनाकडचं, म्हणजे थंडी त्याला अगदीच नवी नाही. आमच्या इमारतीच्या दक्षिण भिंतीला, छपराच्या वळचणीखाली, जिथे हिवाळ्याचा पाऊस फारसा पोचत नाही तिथे ते जमिनीत आहे. कडक हिवाळ्यात वरचा सगळा वेल करपतो. मुळांवर वाळक्या पानांचा जाड थर असला की मे महिन्यात जमिनीतून नवे कोंब येतात, कधी कधी नको तिथेही, अगदी हातभर लांब हिरवळीत. फूल एकच दिवस टिकतं. कडेला निळ्या-पांढऱ्या तंतूंची दाट झालर, तिच्या बुडाशी जांभळा पट्टा, मध्ये पाच पिवळसर परागकोश आणि त्यावर तीन जांभळे दांडे. आपण झालरीत शंभर कौरव मोजले, पाच पांडव मोजले, वर ब्रह्मा-विष्णू-महेश बसवले. दक्षिण अमेरिकेत पोचलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी त्याच तंतूंत येशूचा काटेरी मुकुट पाहिला, पाचांत जखमा, तिनांत खिळे. उन्हाळा चांगला असला की अंड्याएवढी नारिंगी फळं धरतात. दिसायला सुरेख, चवीला काहीच नाही.

आता पैशाचं आणि इंधनाचं बोलू. उष्ण देशांतल्या झाडांना घाम येईपर्यंत तापवायची हौस युरोपात नवी नाही. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टननं १८४० च्या सुमारास प्रचंड मोठं काचघर बांधलं. जमिनीखाली आठ बॉयलर आणि त्यांना कोळसा पुरवायला भुयारातून छोटी रेल्वे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं मेली, आणि १९२० मध्ये ती वास्तूच पाडली. याउलट पॉट्सडामच्या राजवाड्यातली ऑरेंजरी बघा. एकेक दालन १०३ मीटर लांब, दक्षिणेकडे उंच खिडक्या, आणि कुंड्यांतली झाडं आजही हिवाळ्यात तिथे मुक्कामाला असतात, गारव्यातच. ड्रेस्डेनजवळ पिलनित्सच्या बागेत दोनशे वर्षांहून जुना कॅमेलिया आहे. वेल नव्हे, झाड, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यात त्याच्यावर रुळांवरून ५४ टनांचं काचघर सरकवतात, उन्हाळ्यात बाजूला ढकलतात. एवढा थाट करून आतलं तापमान राखतात फक्त चार ते सहा अंश. त्या माळ्यांना झाड तापवणं परवडत नव्हतं म्हणून नव्हे; झाडाला काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं म्हणून.

२०२२ च्या हिवाळ्यात गॅस महागला तेव्हा जर्मनीतल्या सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांपेक्षा जास्त तापवायला बंदी होती. माणसं कोट घालून फायली हाताळत होती. त्याच हिवाळ्यात कुंडीसाठी वेगळा हीटर लावणारी मंडळी माझ्या ओळखीत होती, आणि त्यांच्या वेलीही मेल्या.

उलट्या टोकाचा राग मला बागसामानाच्या मोठ्या दुकानांचा येतो. मे महिन्यात तिथे डिप्लाडेनिया, म्हणजे मँडेव्हिला, रांगेनं मांडलेली असते. लाल-गुलाबी कर्ण्यांनी भरलेली, तारेच्या कमानीवर गुंडाळलेली. ही ब्राझीलची वेल, मुळाशी कंदासारख्या गाठी धरणारी. आठ-दहा अंशांत, उजेडात, कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. लेबलवर हे क्वचितच लिहिलेलं दिसतं. ऑक्टोबरमध्ये ती कचऱ्याच्या तपकिरी डब्यात जाते आणि पुढच्या मेमध्ये नवी घेतली जाते. दुकानाला तेच हवं आहे. घेणाऱ्यानं तरी विचारायला नको का? ज्यांच्याकडे तळघर नाही, गार खोली नाही, त्यांच्यासाठी इथल्या बऱ्याच नर्सऱ्या हिवाळ्यापुरती कुंडी ठेवून घेतात, आकारमानाप्रमाणे भाडं घेतात. आपली महाराष्ट्र मंडळं गणपतीसाठी हॉल घेतात, दिवाळीच्या फराळासाठी घेतात. पाच-दहा घरांनी मिळून नर्सरीतला एक कोपरा घ्यायला काय हरकत आहे?

वसंतात घाई करणारे वेगळेच. इथे ११ ते १५ मे हे हिमसंतांचे, म्हणजे शेवटच्या गारठ्याचे, दिवस. त्यांतली शेवटची "थंड सोफी" गेली की नाजूक झाडं बाहेर काढायची, हा खेड्यापाड्यांतला नियम. ग्रेगरी पंचांग लागू झालं तेव्हा दहा दिवस गाळले गेले, म्हणून जुने माळी सोफीनंतरही आठवडाभर थांबतात. एप्रिलच्या पहिल्या उन्हाला भुलून कुंडी बाहेर काढणं म्हणजे वेलीला जागं करून दारात उभं करणं. बाहेर काढल्यावरही आठ दिवस सावलीत ठेवावी. काचेमागून आलेली पानं सरळ उन्हात भाजतात.

आणि शेवटी तो विषय, ज्यावरून दर उन्हाळ्यात फोनवर वाद होतो. मुलांकडे युरोपात निघालेले आई-वडील बॅगेत काय काय आणतात ते मला ठाऊक आहे. आमच्या सासूबाई साताऱ्याच्या. त्यांच्या परसात मोगऱ्याचं जुनं झुडूप आहे.

"अगं, ओल्या फडक्यात गुंडाळून आणते. एक काडी तर आहे."

"आई, काडी नको. बी पण नको."

"कोण बघतंय?"

कोण बघतंय हा मुद्दाच नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रोपाला, कलमाला, बियांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या बॅगेत असली तरीही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांनाच काय ती सूट. हे कागदी घोडे नाहीत. इटलीच्या टाचेत, पुलिया प्रांतात, २०१३ मध्ये झायलेला नावाचा जिवाणू सापडला आणि त्यानं लाखो ऑलिव्हची झाडं वाळवली, त्यांत कैक शतकांची जुनी झाडं होती. तो मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपासोबत शिरला असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. द्राक्षाचाही तो शत्रू, कॅलिफोर्नियातल्या बागा त्यानं पूर्वीच पोखरल्या आहेत. तासगावच्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज पडू नये. आपल्या बागेत बाहेरून कुणी डाऊनीचा रोग आणला तर आपण काय म्हणू?

मोगरा इथे रीतसर मिळतो. युरोपातल्याच काचघरांत वाढवलेला, वनस्पती पासपोर्टची चिठ्ठी लावलेला, वीस-पंचवीस युरोंना. दुहेरी पाकळ्यांचाही मिळतो. तो विकत घ्यावा. त्याला "आपला" म्हणायला कुणाची मनाई नाही.

सासूबाईंना यातलं निम्मं पटलं आहे. जूनमध्ये आल्या तेव्हा काडी आणली नव्हती. बाल्कनीत बोगनवेल पुरती रंगली होती, ती त्यांनी चष्मा लावून खालपासून वरपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "बरी आहे. पण फार छाटतेस तू."